खड्डे बुजवणारा चोर

गोलपोस्ट चोरीला गेल्याची फिर्याद माझ्या सगळ्या नोकरीत एकदाच आली. खून, दरोडे, मोटारींची चोरी, बांधावरून झालेल्या मारामाऱ्या हे सगळं पाहिलं. त्यातलं बरंचसं आता पुसट झालं आहे. ते दोन गोलपोस्ट मात्र डोळ्यांसमोरून हलत नाहीत. स्वेच्छानिवृत्ती घेऊन मी आता बारामतीत राहतो. कुठल्याही मैदानावर फुटबॉलचा खांब दिसला की मी आधी तो सरळ आहे का वाकडा, ते बघतो.

तेव्हा मी इंदापूर तालुक्यातल्या एका दूरक्षेत्राचा प्रमुख होतो. दूरक्षेत्र म्हणजे मुख्य पोलीस ठाण्याची गावातली चौकी. दोन खोल्या, एक हवालदार, एक महिला शिपाई आणि मागच्या बाजूला जप्त केलेल्या मोटारसायकलींचा ढीग. गावाचं नाव सांगत नाही, माणसांचीही सांगणार नाही. बावड्यापासून फार लांब नाही, एवढं पुरे.

आमच्या भागात पोरं कबड्डी खेळतात, क्रिकेट खेळतात, तालमीत जातात. हे एक गाव तेवढं फुटबॉलवेडं. कोल्हापूरकडचे एक क्रीडाशिक्षक तिथल्या हायस्कुलात आले आणि त्यांनी गावाला हे वेड लावलं. सर आता हयात नाहीत, पण संघ आहे. सामना असला की ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून माणसं येतात, हलगी वाजते, म्हाताऱ्या बायकासुद्धा पदर डोक्यावर घेऊन कडेला बसतात आणि रेफ्रीला नावं ठेवतात.

संघ चालवायला एक संस्था होती. ती साखर कारखान्यासारखी चाले. चेअरमन, व्हाईस चेअरमन, संचालक मंडळ, दरवर्षी सर्वसाधारण सभा. निवडणूक नेहमी बिनविरोध. चेअरमन साधारण माझ्याच वयाचे. पांढरे कपडे, काळा गॉगल, बोलायला गोड. सत्काराचा माणूस. शाल-श्रीफळ घेताना किंवा देताना मी त्यांना जितक्या वेळा पाहिलं, तितक्या वेळा मैदानात पाहिलं नाही.

गावातले संघाचे चाहते संध्याकाळी तात्यांच्या वेल्डिंगच्या दुकानासमोर जमत. तात्या म्हणजे साठीतला गडी, हाताला कायम काळं, तोंड फटकळ. गस्तीवरून येताना मीही तिथं चहाला थांबायचो. त्या वर्षी तिथली चर्चा एकच होती. जिल्ह्याच्या स्पर्धेची प्रवेशिका संस्थेनं वेळेत पाठवलीच नव्हती. संघ वर्षभर घाम गाळून घरी बसला होता. आणि त्याच आठवड्यात चेअरमनच्या वाढदिवसाचा फ्लेक्स चौकात लागला होता.

"आपल्या संघाला प्लेयर अकरा आन् संचालक एकवीस," तात्या म्हणाले. "संचालकच उतरवा मैदानात. धा जादाच हायती, बदली खेळाडूचं टेन्शनच न्हाय."

"पळतील का पण ते?" कुणीतरी विचारलं.

"तिकडच्या गोलपाशी एक शाल धरून हुबं ऱ्हा, मंग बघ कसं पळत्यात!"

सगळे हसले. तात्या हसले नाहीत. फ्लेक्सकडं बघत म्हणाले, "सायेब, त्या फ्लेक्सवर बॉल हुडकून दावा. चेअरमनचा गॉगल दिसतुया, बॉल न्हाय."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, ऐन गळीत हंगामात, एका सकाळी चेअरमन चौकीत आले. मैदानावरचे दोन्ही गोलपोस्ट रातोरात गेले होते.

"चोरी हाय साहेब. आन् चोर मला म्हायती हायत. ती तात्याची टोळी, आन् ती गोलकीपर पोरगी. परवा चार माणसांत मला बोलली, 'आमाला बॉल द्या, मग सत्कार करा' म्हणून." मग त्यांनी चहाचा कप उचलला आणि सहज विचारावं तसं विचारलं, "तिची पोलीस भरतीची फाईल तुमच्याकडंच हाय न्हवं?"

होती. ती मुलगी शिपाई पदासाठी निवडली गेली होती. धावणं झालं, लेखी झालं, वैद्यकीय झालं. उरली होती फक्त चारित्र्य पडताळणी. तो कागद माझ्या टेबलाच्या उजव्या खणात पडून होता. तिच्यावर चोरीचा गुन्हा दाखल झाला असता तर नोकरी जवळजवळ गेल्यातच जमा होती. हे मला ठाऊक होतं आणि चेअरमननाही ठाऊक होतं.

चोरी हा दखलपात्र गुन्हा. फिर्याद आली की नोंदवायची, हा नियम. पण चेअरमनना कुठल्यातरी सत्काराला जायची घाई होती. "तुमी लिहून ठेवा, मी येऊन सही करतो," असं म्हणत ते उठले. मी म्हटलं, "चोरीस गेलेल्या मालाचं वर्णन तुमच्या तोंडून घ्यावं लागतं. उंची, रुंदी, रंग, खाणाखुणा. त्याशिवाय फिर्याद पुरी होत नाही." ते म्हणाले, "परवा येतो." मी त्यांना थांबवून घेऊ शकलो असतो. थांबवलं नाही. मला वेळ हवा होता, हे खरं कारण. स्टेशन डायरीत मी तेवढंच लिहिलं, की फिर्यादी वर्णनासह पुन्हा हजर होणार आहे.

हवालदाराला घेऊन मैदानावर गेलो. हवालदार जुना, बेरकी, कमी बोलणारा. गोलपोस्ट मुरूम ठोकून बसवलेले होते, म्हणजे काढायला चारही ठिकाणी खणावं लागलं असणार. आम्ही खड्डे शोधायला लागलो आणि सापडेनात. खड्डे बुजवलेले होते. नुसते माती लोटून नव्हे. थर देऊन, पाणी मारून, दाबून. वरून हात फिरवला तर जमीन सपाट.

हवालदार उकिडवा बसला. "साहेब, चोर कधी खड्डं बुजीवतो का?"

मी पंचवीस वर्षं चोरीच्या जागा पाहत आलो होतो. चोर कुलूप तोडतो, कौल काढतो, भिंत पोखरतो. भिंत परत लिंपून कुणी जात नाही. ज्यानं हे खांब नेले, त्याला उद्या इथं खेळायला येणाऱ्यांचे पाय मोडू नयेत अशी काळजी होती.

मग ओल्या मातीत मला ठसे दिसले. फुटबॉलच्या बुटाला खाली खिळ्यांसारखे गोल उंचवटे असतात, त्यांचे. पाऊल लहान. तात्यांच्या दुकानासमोरची सगळी मंडळी चपला घालते. त्या गावात लहान पायाचे असे बूट कुणाकुणाचे आहेत, हे मला वेगळं विचारावं लागलं नाही.

दुपारी खबर मिळाली. कारखान्याच्या रस्त्यावर एक रसवंती होती, तिचा मालक अधूनमधून मला काहीबाही सांगायचा. तो म्हणाला, "साहेब, एक गंमत बघितली बगा. काल रातच्याला दुकान बंद करताना उसानं भरल्याली ट्रॉली गेली, पर कारखान्याकडं पाठ करून! हंगामात भरल्याली ट्रॉली कारखान्याकडं जाती, रिकामी म्हागारी येती. म्या म्हनलं, हा गडी ऊस परत शेतात लावाया चाललाय का काय?"

"ट्रॉली कुणाची?"

तो ग्लास विसळत राहिला. "आता ते तुमी हुडका. म्या बी सामन्याला जातो."

संध्याकाळ संपायच्या आत मी तात्यांना बोलावणं धाडलं. एकटे तात्या आले नाहीत. सगळं टोळकं आलं, एकाच्या गळ्यात हलगीसुद्धा होती.

"हलगी कशाला?" मी विचारलं.

"अटक हुतीय म्हनल्यावर वाजवत नेऊ की तात्याला," तो म्हणाला.

मी एकेकाला आत घेतलं. पहिला म्हणाला, "मीच चोरलं." दुसराही म्हणाला, "मीच." तिसऱ्यानं सांगितलं की त्यानं एकट्यानं दोन्ही गोलपोस्ट खांद्यावर नेले. चौथ्याला विचारलं, कुठं ठेवलेत? तो म्हणाला, "भीमेत टाकलं." मी म्हटलं, "पाचव्यानं विकले असं सांगायचं ठरलंय का?" तो गोंधळून म्हणाला, "न्हाय साहेब, पाचव्याचं अजून ठरलं न्हाय."

माझा अनुभव असा, की एकही जण कबूल होत नाही तेव्हा प्रत्येक जण स्वतःला वाचवत असतो. आणि सगळेच कबूल होतात तेव्हा ते मिळून दुसऱ्या कुणालातरी वाचवत असतात.

शेवटी तात्या. ते खुर्चीत बसले नाहीत, भिंतीला टेकून उभे राहिले. "चेअरमनचा मानूस आला व्हता दुकानात. म्हनला, गॅस कटर घ्या, पोल कापायचं हायत. उत्तरंकडची बाजू शेजारच्या मंगल कार्यालयाला गाड्या लावाया द्यायची, आन् पोलांची मैदानाच्या दारात कमान करायची. कमानीवर नाव चेअरमनचं. साहेब, ते पोल माज्या हातानं जोडल्यात म्या. सर बाजूला हुबं ऱ्हाऊन सांगत व्हते, तात्या, आडवा पाईप लेव्हलमधी घे."

"मग विरोध का नाही केला? सभा असते ना तुमची?"

तात्या पहिल्यांदाच खाली बघायला लागले. आणि मग जे कळलं, ते त्या गावातच होऊ शकतं. संस्थेची सभा दरवर्षी मोठ्या सामन्याच्या आधी मैदानावरच होई. एकीकडे खेळाडू अंग मोकळं करताहेत, हलगी तापवली जाते आहे, दुसरीकडे माईकवरून विषय वाचले जाताहेत. चाहत्यांना सामन्याची घाई. म्हणून विषयाचा क्रमांक उच्चारला की सगळं मैदान ओरडायचं, "मंजूर! मंजूर!" पुढचं वाक्य कुणी ऐकतच नव्हतं. मैदानाचा ठरावही असाच मंजूर झाला होता.

"तुम्ही ओरडलात?"

"आमीच की. माजा आवाज सगळ्यांत मोठा," तात्या म्हणाले. "गावानंच तोंडानं घालवलं साहेब, मग आमी हातानं परत आनलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी महिला शिपायाला बरोबर घेऊन त्या मुलीच्या घरी गेलो. महिलेची चौकशी तिच्या घरीच करायची असते. आई शेळ्या बांधत होती. आम्हाला पाहून तिच्या हातातली दावी तशीच राहिली. तिनं चहा ठेवला. तिला वाटलं, आम्ही पडताळणीलाच आलोय. "साहेब, चांगलं लिहा हं," ती म्हणाली.

मुलगी दाराशी उभी होती. बूट उंबऱ्याबाहेर वाळत घातले होते, तळाला मुरमाची लाल माती. मला सगळं माहीत होतं. शांतपणे विचारलं असतं तरी तिनं सांगितलं असतं. पण पोलिसाला सवय असते, समोरच्याची दुखरी जागा आधी दाबायची. मी म्हणालो, "तुझी फाईल माझ्या टेबलावर आहे, लक्षात ठेव."

आईच्या हातातली कपबशी वाजली. तो आवाज मला अजून ऐकू येतो.

मुलगी माझ्याकडं बघत म्हणाली, "ट्रॉली कुणाची ते मी सांगणार नाही. पोल काढायला मी होते. रात्री सगळे गेले, पहाटे मी परत गेले आणि खड्डे बुजवले. सकाळी तिथं बारकी पोरं खेळतात. फाईलीत काय लिहायचं ते लिहा, सर."

मी चहा न पिता उठलो. माझ्या नोकरीत मी कुणावर हात उगारला नाही, याचा मला अभिमान असायचा. त्या दिवसापासून तो अभिमान मी कुणापुढं बोलून दाखवलेला नाही.

गोलपोस्ट शोधायला कष्ट पडले नाहीत. कारखान्याकडं पाठ करून जाणारा रस्ता फाट्यापर्यंत एकच, आणि फाट्याच्या पुढं तात्यांचं शेत. ऊस तुटून गेलेला, बुडख्यांतून फुटणारा खोडवा न ठेवता रान मोकळं केलेलं. मला वाटलं होतं, खांब पाचटाखाली पुरलेले असतील. पाहतो तर दोन्ही गोलपोस्ट ताठ उभे, आडवा पाईप लेव्हलमध्ये, आणि मध्ये धुरळा उडवत पोरं-पोरी खेळताहेत. चोरीचा मुद्देमाल असा उघड्यावर वापरात मी कधी पाहिला नव्हता. हवालदार म्हणाला, "पंचनामा करायचा का?" मी म्हटलं, "हाफ टाईम होऊ दे."

ठरल्या दिवशी चेअरमन आले. मी तात्यांनाही बोलावून घेतलं होतं. मुलीला मी बोलावलं नव्हतं. ती आपणहून आली आणि दाराबाहेर पायरीवर उभी राहिली.

मी कागद घेतला. "सांगा. चोरीस गेलेल्या मालाचं वर्णन."

"लोखंडी पोल. दोन."

"दोन गोलपोस्ट, म्हणजे खांब चार. रंग?"

"पांढरा. खाली बुडाला लाल." चेअरमन जरा थांबले. "आधी हिरवा व्हता. सरांनी बदलला. म्हनले, हिरवा उसात मिसळतोय, पोरांना दिसंना."

मी लिहीत होतो. मला वाटलं होतं त्यांना काही सांगता येणार नाही आणि फिर्याद तिथंच अडेल. माझा अंदाज साफ चुकला.

"खाणाखुणा?"

त्यांनी गॉगल काढून टेबलावर ठेवला. "उत्तरंकडच्या पोलचा डावा खांब वाकडा हाय. आतल्या अंगाला."

"कशानं?"

ते गॉगलच्या काड्या मिटायला लागले. मग तात्याच म्हणाले, "सांग की आता. कशानं?"

"ट्रॅक्टर लागला व्हता," चेअरमन म्हणाले. "पाईप आमच्याच ट्रॅक्टरवर आनलं व्हतं. हुबं केलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आन् म्या ऐटीत ट्रॅक्टर मागं घ्यायला गेलो..."

"सरांनी तुला मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या व्हत्या," तात्या म्हणाले. "रडत पळत व्हतास."

"रडत न्हवतो. धूळ गेली व्हती डोळ्यात."

"तशीच धूळ आता बी गेलीय बग."

खरंच गेली होती. चेअरमननी खिशातून रुमाल काढला. हा माणूस सरांच्या पहिल्या संघात डाव्या बाजूनं खेळायचा, हे मला त्या दिवशी कळलं. गावात सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी बोलत नव्हतं, आणि तो स्वतः तर विसरूनच गेला होता.

"कायदेशीर एक मुद्दा आहे," मी म्हणालो. "पोल काढायला तुम्हीच तात्यांकडं माणूस पाठवला होता का?"

"पाठवला व्हता. हा नुसतं 'बघतो' म्हनला."

"बघितलं की मग," तात्या म्हणाले. "काढायचं काम झालं. कापायचं तेवढं ऱ्हायलंय. गॅस संपलाय दुकानातला."

चेअरमन कागदाकडं बघत राहिले. मग म्हणाले, "साहेब, फिर्याद नको. असं लिवा, की पोल दुरुस्तीसाठी तात्याकडं दिलेत. वाकडा खांब सरळ करायचाय."

तेवढ्यात पायरीवरून आवाज आला. "तो खांब सरळ करू नका. मला त्याची सवय झालीय."

आधी तात्या हसले, मग चेअरमन, आणि मग हवालदारसुद्धा, ज्याला हसताना मी त्यापूर्वी पाहिलं नव्हतं. जे झालं ते गैरसमजातून झालं, माल सुस्थितीत आहे, तक्रार नाही, असा जबाब मी चेअरमनचा घेतला. त्यांनी तो सही करण्याआधी पूर्ण वाचला.

त्याच दुपारी मी उजवा खण उघडला आणि पडताळणीच्या कागदावर 'प्रतिकूल काही आढळले नाही' असं लिहिलं. त्याखाली आणखी एक ओळ लिहावीशी वाटली होती, खड्ड्यांबद्दल. त्या नमुन्यात तेवढी जागा नसते.

गोलपोस्ट मैदानावर परत आले. कमान झाली नाही. पण उत्तरेकडच्या बाजूचा ठराव अजून कागदावर होता, आणि तो रद्द करायचा तर सभाच हवी होती. पुढच्या हंगामात सभा भरली, तोवर माझी नोकरी संपली होती. मला प्रमुख पाहुणा म्हणून बोलावलं. चेअरमन तेच. फ्लेक्सही लागला होता. फक्त या वेळी चेअरमनच्या फोटोशेजारी एक बॉल होता, जवळजवळ तेवढाच मोठा.

त्या वर्षी चाहत्यांनी एक गोष्ट बदलून घेतली होती. सामना आधी, सभा नंतर.

ती मुलगी रजा घेऊन आली होती. आता शिपाई. मला पाहताच तिनं सॅल्यूट केला. मी तिला बाजूला घेऊन म्हणालो, "त्या दिवशी तुझ्या आईसमोर फाईलचं बोललो. बोलायला नको होतं."

तिनं ते सहज झटकलं नाही, हे मला आवडलं. ती म्हणाली, "सर, मीसुद्धा आता चौकशीला जाते. असलंच काहीतरी तोंडावर येतं. मग आईच्या कपबशीचा आवाज आठवतो, आणि मी थांबते."

दोन माणसांना एकच आवाज आठवत राहिला होता, आणि निदान तिच्या बाबतीत तो कुणाच्यातरी उपयोगी पडत होता. या प्रकरणानं मला जे शिकवलं, ते एवढंच. गुन्हा कुणी केला हे शोधणं पोलिसाचं काम आहे; पण तो करून झाल्यावर तो माणूस मागं काय ठेवून गेला, तेही बघावं. कुणी उघडा खड्डा ठेवून जातं, कुणी बुजवून जातं. कधी कधी खड्डा आपल्याच शब्दानं पडलेला असतो.

सामना आम्ही हरलो. त्याबद्दल रेफ्रीला मनसोक्त बोलून झाल्यावर सगळे गवतावर बसले. चेअरमन माईकसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "विषय क्रमांक एक."

मैदान गप्प. कुणी ओरडलं नाही. सवय मोडलेली नव्हती, नुसती आवरून धरलेली होती. काही जणांचे ओठ हललेले मी पाहिले. चेअरमननी इकडंतिकडं पाहिलं, घसा खाकरला आणि उत्तरेकडच्या बाजूचा ठराव रद्द करण्याचा तो सगळा विषय वाचायला घेतला. वाचता वाचता ते सवयीनं घाई करायला लागले, तशी पहिल्या रांगेतून तात्यांनी हात वर केला.

"सावकाश वाच. आता आमाला कसलीच घाई न्हाय."